ओटीपी तिच्या मोबाइलवर येऊ द्या

प्रश्न : मुलगी बडोद्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वय २०, विषय संख्याशास्त्र. दुसऱ्या वर्षी ५८ टक्के. बँकेच्या परीक्षेचा क्लास लावलाय. फॉर्मही मीच भरला, ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो. ती मात्र वही घेऊन वस्त्यांमध्ये फिरते आणि नकाशे रंगवते. नातेवाईक विचारतात, जनगणनेत लागली का? नकाशे तर गूगलवर असतातच. तिला समजवा. नकाशाचा फोटो जोडलाय. – एक पालक, दांडिया बाजार

उत्तर : टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. ओटीपीचं वाक्य मात्र मनातून जात नाही. जी मुलगी मतदान करू शकते, तिच्या नावाच्या अर्जाची किल्ली तिच्याकडे नाही. तुमच्या पत्रात नातेवाइकांचं म्हणणं आहे, तिचं एकही वाक्य नाही. बँकेची नोकरी चांगलीच आहे. पण आईवडिलांनी भरलेल्या फॉर्मवर परीक्षेला बसलेली मुलं माझ्यासमोर येतात. वर्ष-दोन वर्षं क्लासला जातात, घरी 'पेपर अवघड होता' म्हणतात आणि आपल्याला काय हवं होतं हे सांगायचंच विसरून जातात. तुमच्या मुलीचं तसं होऊ नये.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. विश्वामित्री नदीकाठच्या वस्तीतल्या प्रत्येक गल्लीला तिने रंग दिलाय तो दवाखान्यापर्यंत पायी किती मिनिटं लागतात त्यावरून. हे गूगलवर नसतं. गूगल रस्ता दाखवतं. तान्हं मूल कडेवर घेतलेली बाई त्या रस्त्याने किती वेळात पोहोचते, ते कुणीतरी चालून आणि विचारूनच कळतं. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, पावसात भरलं की केवढा फेरा पडतो, तुम्हाला ठाऊक आहे. नकाशावरचं सरळ अंतर मात्र तेवढंच राहतं. केंद्र सरकारच्या २०२० च्या ईझ ऑफ लिव्हिंग, म्हणजे राहण्याच्या सोयीच्या, निर्देशांकात दहा लाखांवरच्या शहरांमध्ये बडोदा आठवं होतं. त्या एका क्रमांकात सुखवस्तू अलकापुरी आली आणि दर पुरात पाण्याखाली जाणाऱ्या नदीकाठच्या वस्त्याही आल्या. कुठे काय कमी आहे ते वस्तीनिहाय मोजल्याशिवाय दिसत नाही, आणि जनगणनेचे आकडे तर २०११ चे. याच बडोद्याचा अहवाल नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ साली लिहिला होता. आधी पाहणी, मग आराखडा, असा त्यांचा आग्रह असे. तुमची मुलगी वही घेऊन फिरते ती हीच पाहणी.

तिच्या कामात दोन चुका मात्र आहेत, त्या तिला सांगा. क्षयरोगाच्या रुग्णांच्या घरांवर तिने लाल ठिपके दिलेत. ते आजच काढावेत. लोकांनी विश्वासाने सांगितलं, त्यावरून कुणाचं घर ओळखू येता कामा नये. आकडा अनेक गल्ल्यांचा मिळून द्यावा. दुसरं, कोपऱ्यात 'वेळ : दुपारी १२ ते ४' लिहिलंय. त्या वेळी कामावर गेलेल्या बायका तिच्या हिशेबात आल्याच नाहीत, म्हणजे नमुनाच एकांगी झाला. ५८ टक्क्यांवर बोलायचंच असेल तर इथून सुरुवात करा. सॅम्पलिंगचा, म्हणजे नमुना निवडण्याचा, धडा तिला आता पटकन समजेल.

सरकारी नोकरीच हवी असेल तर यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा आहे, तिला संख्याशास्त्राची पदवी चालते. पुढे शिकायचं तर लोकसंख्येच्या अभ्यासाला मुंबईची आयआयपीएस ही संस्था आणि भूमाहितीला, म्हणजे उपग्रह व नकाशांवरून मिळणाऱ्या माहितीच्या अभ्यासाला, देहरादूनची आयआयआरएस. गांधीनगरला याच विषयातली बायसॅग ही सरकारी संस्था आहे, तिथल्या इंटर्नशिपची चौकशी तिने स्वतः करावी. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते आजपासून शिकता येईल.

बँकेचा फॉर्म ठेवायचा की नाही, हे तिला ठरवू द्या. ठेवला तर त्यावरचा मोबाइल नंबर तिचा करून घ्या. येत्या रविवारी संध्याकाळी ती वस्तीत जाईल तेव्हा तुम्हीही बरोबर जा, वही तिच्याच हातात असू द्या. आणि लाल ठिपके काढलेला नकाशा तिने मला स्वतः पाठवावा, सोबत तिचं पत्र.