भोक बुजवलेले हाफ डिस्म घ्यावे का?

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. १७९२ च्या हाफ डिस्मसाठी (अमेरिकेचे पाच सेंटचे चांदीचे जुने नाणे) लिलावात ३५,००० डॉलरपर्यंत बोली लावावी का? नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपनीचा शेरा ‘व्हीएफ डिटेल्स, भोक बुजवलेले’ (व्हीएफ म्हणजे ‘व्हेरी फाइन’, मध्यम झीज; डिटेल्स म्हणजे नाणे खराब झालेले वा दुरुस्त केलेले). निवृत्तिखात्यांबाहेर माझी बचत १,४०,००० डॉलर आहे. मुलगी तीन वर्षांनी कॉलेजला जाईल.

उत्तर : गुंतवणूक म्हणून नको. ओढ मात्र समजते. अमेरिकेच्या टांकसाळीची इमारत उभी राहण्याआधी, जुलै १७९२ मध्ये, फिलाडेल्फियात करवती बनवणारे जॉन हार्पर यांच्या तळघरात ही नाणी पाडली गेली. १३ जुलैला १,५०० नाणी मिळाल्याची नोंद तेव्हाचे परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन यांच्याच वहीत आहे. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या घरची चांदी त्यासाठी वितळवल्याची गोष्ट विक्रेते हमखास सांगतात; तिला कागदाचा आधार नाही, तेव्हा तिचे पैसे मोजू नका. संग्राहक याला नमुना नाण्यांच्या (चलनात आणण्याआधी चाचणीसाठी पाडलेल्या) यादीत धरतात खरे, पण उरलेली बहुतेक नाणी झिजलेली आहेत, म्हणजे ती हातोहात फिरली. त्याच वर्षीचे, मधोमध चांदीची खुंटी ठोकलेले तांब्याचे सेंट जेमतेम डझनभर उरले आहेत आणि त्यांतल्या एकाला लिलावात दहा लाख डॉलरच्या वर भाव मिळाला आहे. हाफ डिस्म काही शेकडे आहेत, म्हणून तर ते तुमच्या आवाक्यात दिसते.

आता हिशेब. बोलीवर २० टक्के बायर्स प्रीमियम (लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ती जादा रक्कम) धरला, तर नाणे ४२,००० ला पडेल. तुमच्या बचतीच्या ३० टक्के. पाच वर्षांनी त्याच बोलीला विकून ५ टक्के कमिशन गेले, तर हाती ३३,२५०. नुसते मुद्दल सुटायला बोली ४४,२०० च्या पुढे जायला हवी. नफ्यावर कलेक्टिबल्सचा (नाण्यांसारख्या संग्रहाच्या वस्तूंचा) दीर्घकालीन कर २८ टक्क्यांपर्यंत. हौसेसाठी ठेवलेल्या नाण्याचा तोटा मात्र करात वजा होत नाही. आयआरएतून (करसवलतीच्या वैयक्तिक निवृत्तिखात्यातून) घेतले तर ती रक्कम खात्यातून काढली असेच धरतात. घरविम्यात नाण्यांची मर्यादा बहुधा २०० डॉलर असते, त्यामुळे वेगळे संरक्षण घ्यावे लागेल.

मोठी अडचण ‘डिटेल्स’ची. अशा नाण्याला अंकी ग्रेड नसतो, दरपत्रकातला भाव लागू होत नाही, आणि विकताना गिऱ्हाईक थोडे. भोक बुजवताना त्यावरची अक्षरे किंवा स्त्रीमुखाचे केस पुन्हा कोरलेले आहेत का, हे लिलावगृहाला लेखी विचारा. मूळ वजन सुमारे १.३५ ग्रॅम. प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो ताडून पाहा.

हौसेला ५ टक्के, म्हणजे ७,००० डॉलर, ठेवा. १८६० च्या दशकातली काही तांब्याची नमुना नाणी अंकी ग्रेडसह त्याहून बऱ्याच कमी किमतीत मिळतात.