तांदळाच्या डब्यातलं पत्र

‘ताई, आम्ही वसईचे. माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, बँकेत चांगल्या नोकरीला. तिने कार्मेल नावाच्या नन्सच्या संघाच्या बंदिस्त मठात जायचं ठरवलंय. शाळा-दवाखाने चालवणाऱ्या सिस्टरांमध्ये गेली असती तर मी गावभर पेढे वाटले असते. पण जाळीच्या आत जन्मभर नुसती प्रार्थना? एवढं शिकवलं ते यासाठी? तिचे बाबा बोलेनासे झालेत. तिचं तर हल्ली घरात लक्षच नसतं, कामावरून आली की पहिला प्रश्न, टपाल आलं का. तिथल्या मदरचं पत्र तीन आठवड्यांपूर्वी आलंय, ते मी तांदळाच्या डब्यात ठेवलंय, उघडलेलं नाही. असो. फादरांना मध्ये घालून हे थांबवता येईल का? — एक आई’

बाई, तुमचं मूळ पत्र चार पानी आहे, वर मी ते आटवून दिलंय. त्यातली पावणेचार पानं जाळीवर खर्ची पडलीत. तांदळाच्या डब्याच्या वाट्याला एक ओळ आली, आणि तीही तुम्ही ‘असो’ म्हणून मिटवलीत. मी मिटवू देणार नाही.

तीन आठवडे! भात तर तुमच्याकडे रोज शिजत असणार. म्हणजे रोज डबा उघडायचा, मापटं आत घालायचं, पाकिटाची कड बोटांना लागली की हात जरा बाजूला घ्यायचा. आणि संध्याकाळी पोरगी चपला काढता काढता विचारते, टपाल आलं का. तुम्ही काय उत्तर देता ते लिहायचं टाळलंत. ‘नाही’ म्हणत असाल, दुसरं काय म्हणणार! आणि वर तक्रार, की तिचं घरात लक्ष नाही. अहो, तिचं सगळं लक्ष तुमच्या दाराकडेच लागलंय. तिला बिचारीला वाटत असेल, मठाने आपल्याला नाकारलं, साधं दोन ओळींचं उत्तरही दिलं नाही. हे दुःख तिला तुम्ही दिलंय, मठाने नव्हे.

मठात जायच्या या ओढीला तुमच्या चर्चमध्ये ‘पाचारण’ म्हणतात. बोलावणं. पण बोलावणं आलं असं मुलीला वाटून भागत नाही, मठालाही ती पटावी लागते, आणि पुष्कळदा पटत नाही. पाकिटात नकार असेल तर? मग तीन आठवड्यांची झोप तुम्ही फुकटच घालवलीत.

आता जाळी. मी एकदा, मैत्रिणीबरोबर, तिच्या मावशीला भेटायला अशा मठात गेले होते. भेटीच्या खोलीबाहेर भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट होतं. मैत्रिणीने त्यात आणलेली केळी ठेवली, आतून कुणीतरी कपाट फिरवलं, केळी गेली. पुन्हा फिरलं तेव्हा त्यात कागदाची पुडी होती. त्या मठातल्या बायका मिस्सेसाठीच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठीच्या, भाकरी बनवायच्या, पातळ, पांढऱ्या, नाण्याएवढ्या, आणि त्या कापून उरलेली कुरकुरीत कात्रणं आम्हाला खाऊ म्हणून आली होती. मग जाळीपलीकडून मावशी बोलायला लागली ती थांबेचना. गावात कुणाचं लग्न ठरलं, कुणाची विहीर आटली, सगळं तिला हवं होतं. कार्मेलमध्ये एरवी मौन असतं खरं, पण दिवसातून दोनदा गप्पांची वेळही असते आणि तिला कुणी चुकवलेलं चालत नाही. मला तिथे आठवडाभर राहवणार नाही. पण तो आयुष्य वाया गेलेल्या बाईचा आवाज नव्हता, एवढं मी सांगू शकते.

आणि टपालाचं तुम्ही कुणापुढे बोलताय? हे मठ ज्यांनी 1562 साली स्पेनमधल्या आविलामध्ये सुरू केले, त्या संत तेरेझांची साडेचारशेहून जास्त पत्रं आजही टिकून आहेत. जाळीच्या आतून बाई जगाशी बोलते ती कागदावर. तुमची मुलगी उद्या आत गेलीच तर तुमच्या हाती काय उरणार? तिची पत्रं. आणि पहिलंच पत्र तुम्ही डब्यात कोंडून ठेवलंय. याच तेरेझांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, मी मेल्यावर काय ते कर. विशीतली पोर एके दिवशी पहाटे न सांगता घराबाहेर पडली. तुमचीही पडेल. सत्तावीस वर्षांची आहे, स्वतःच्या पगाराची आहे.

फादरांना मध्ये घालायचंय ना? अवश्य घाला, पण आधी त्यांना त्रेंत इथल्या, कॅथलिक बिशपांच्या 1563 सालच्या धर्मसभेबद्दल विचारा. नन्सची बंदिस्ती कडक केली ती याच सभेने. आणि त्याच बैठकीत तिने असंही ठरवलं, की जो कुणी बाईला मनाविरुद्ध मठात ढकलेल त्याला चर्चचा शाप, आणि स्वखुशीने जाणारीला योग्य कारण नसताना जो अडवेल त्यालाही तोच. साडेचारशे वर्षांपूर्वी बिशपांना हे लिहून ठेवावं लागलं, म्हणजे घरोघरी तांदळाचे डबे असणारच. आज कुणी शाप घालायला वसईला येणार नाही, घाबरू नका. पण फादर तुमच्या बाजूने उभे राहतील हे मनातून काढा.

दार एकदा लागलं की लागलं, हीही तुमची समजूत. 2018 सालच्या रोमच्या, म्हणजे पोपच्या दरबाराच्या, नियमांप्रमाणे आजीवन व्रतांपर्यंत पोचायलाच किमान नऊ वर्षं लागतात. आधी वर्षभर पाहणं-जोखणं, मग वर्षभर उमेदवारी, दोन वर्षं नवशिष्या, पाच वर्षं तात्पुरती व्रतं. नवशिष्येने केव्हाही पिशवी उचलून घरी यावं, कुणी अडवत नाही. लिझ्यूची छोटी तेरेझा, ही दुसरी, फ्रान्समधली कार्मेलचीच संत, तुमच्या घरात फोटोत असेलच. तिची बहीण लेओनी मठात जाऊन तीनदा बाहेर आली. चौथ्यांदा, 1899 मध्ये, गेली ती 1941 मध्ये मरेपर्यंत टिकली. तुमची पहिल्याच खेपेला परत येईल, की कधीच येणार नाही, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. पण आली तर ज्या आईने पत्र दाबलं तिच्याच घरी यायचं का, हा विचार ती दारात उभी राहून करेल.

तेव्हा आज रात्री, जेवणाच्या आधी, पत्र तिच्या हातात द्या. नवऱ्याकरवी नको, उशीखाली सरकवून नको, ‘आजच आलं’ तर मुळीच नको, पाकिटावर पोस्टाचा शिक्का आहे. ‘तीन आठवडे झाले, मी लपवलं होतं,’ एवढंच बोला आणि गप्प बसा. ती ओरडेल, रडेल, कदाचित जेवणार नाही. तुम्ही तिथेच बसून राहा. आणि देण्याआधी पाकीट पदराने पुसू नका. तांदळाची पूड लागली असेल ती तशीच राहू दे.