थायमोमाचं ऑपरेशन: प्लॉट विकावा, की थांबावं?

सांगलीहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात तो असा: "माझं वय ४६, पत्नीचं ४२. सात-आठ महिन्यांपूर्वी तिची डावी पापणी पडायला लागली, संध्याकाळपर्यंत बोलताना जीभ जड व्हायची. न्यूरोलॉजिस्टनी मायस्थेनिया ग्रॅव्हिस (रोगप्रतिकारशक्ती उलटून स्नायू कमजोर होण्याचा आजार) सांगितलं, रक्ताच्या अँटिबॉडी तपासणीतही तेच आलं. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये पाच सेंटिमीटरची गाठ दिसली, थायमोमा (थायमस ग्रंथीची गाठ) असावा म्हणतात. मुंबईतल्या एका रुग्णालयाने रोबोटिक ऑपरेशनसाठी साडेसात लाखांचा अंदाज दिलाय. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम ५ लाखांचा आहे. एफडी ६ लाख, अकरा वर्षं जुन्या पीपीएफमध्ये १४ लाख, मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी म्युच्युअल फंडात ९ लाख. पत्नीची १० लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी चार वर्षांपूर्वी काढली आहे. मेव्हणे म्हणतात, पुढे इम्युनोथेरपी लागली तर वीस लाख जातील, मिरजेजवळचा प्लॉट आत्ताच विका. विमा एजंट म्हणतो, गाठ हळू वाढणारी आहे, मोठी नवी पॉलिसी घ्या आणि ऑपरेशन पुढे ढकला. काय करू?"

प्लॉट विकू नका आणि ऑपरेशनही पुढे ढकलू नका. मी डॉक्टर नाही, उपचार तुमचे सर्जन आणि न्यूरोलॉजिस्टच ठरवतील. पण ज्या आजारासाठी पैसा बाजूला काढायचा, तो आजार कसा चालतो हे समजल्याशिवाय आकडा मांडता येत नाही. म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

थायमस ही छातीच्या मधल्या हाडामागची ग्रंथी. लहानपणी ती रोगप्रतिकारक पेशी तयार करते, पुढे आक्रसत जाते. तिच्या गाठी फार दुर्मिळ. मात्र मायस्थेनियाच्या दर शंभर रुग्णांत साधारण दहा ते पंधरा जणांना थायमोमा सापडतो, म्हणूनच न्यूरोलॉजिस्टनी सीटी करायला लावला. गाठ थायमसच्याच जागी, अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि गाठ पूर्ण काढता येण्यासारखी असेल, तर सर्जन सहसा आधी सुई घालून तुकडा काढत नाहीत. गाठीचं आवरण फुटून पेशी फुप्फुसाभोवतीच्या पडद्यावर सांडण्याचा धोका नको, हे त्याचं कारण. तेव्हा बायोप्सीशिवाय ऑपरेशन सुचवलं म्हणून घाबरू नका. गाठ मोठी असेल, आजूबाजूला घुसलेली वाटत असेल आणि आधी केमोथेरपी द्यायची असेल, तेव्हा मात्र बायोप्सी लागते. पेट स्कॅनही (आजार शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारा) प्रत्येकाला लागतोच असं नाही. सांगितला तर त्याने निर्णय कसा बदलणार आहे, एवढं विचारा.

आता एजंटच्या सल्ल्याकडे येतो. थायमोमा बहुधा हळू वाढतो हे खरं आहे. पण त्यामुळे तुम्हाला दुसरं मत घ्यायला काही आठवडे मिळतात, पॉलिसीचा प्रतीक्षा कालावधी संपायची वाट बघायला वर्षं मिळत नाहीत. या आजारात पुढचं सगळं एकाच गोष्टीवर उभं असतं: पहिल्याच ऑपरेशनमध्ये गाठ थायमससकट पूर्ण निघाली का. गाठ किती पसरली ते ठरवणाऱ्या मासाओका-कोगा पद्धतीत पहिल्या स्टेजची गाठ आवरणाच्या आत असते, दुसरीत ती आवरण ओलांडते, तिसरीत हृदयाचं आवरण, फुप्फुस किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरते, चौथीत पसरते. पहिल्या स्टेजची गाठ पूर्ण निघाली तर साधारणपणे रेडिएशन लागत नाही. दुसऱ्या स्टेजला गाठीचा प्रकार बघून ठरवतात. तिसऱ्यात रेडिएशन आणि कधी केमोही आलीच. म्हणजे थांबण्याची किंमत शरीराला तर आहेच, खिशालाही आहे. शिवाय नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा कालावधी असू शकतो, आणि निदान लपवलं तर क्लेम कायदेशीररीत्या नाकारला जाईल. हा आजार दाखवल्यावर पॉलिसी मिळेलच याचीही खात्री नाही.

मेव्हण्यांची काळजी मनापासूनची आहे, पण तिचा पाया चुकीच्या माहितीवर आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात वापरतात ती इम्युनोथेरपीची, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीवरचा लगाम काढणारी, औषधं थायमोमात जपून, बहुतेकदा टाळूनच वापरतात. इथे रोगप्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली असते. तिला आणखी मोकळं सोडलं तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्यापर्यंत आणि मायस्थेनिया जिवावर बेतण्यापर्यंत मजल जाऊ शकते. वहिनींना मायस्थेनिया आहेच. ज्या वीस लाखांसाठी प्लॉट विकायचा, ते या मार्गाने खर्च होण्याची शक्यता फार कमी आहे. घाईत विकलेल्या जमिनीला भाव पडून मिळतो आणि दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, तो वेगळाच. (जमीन २३ जुलै २०२४ पूर्वी घेतली असेल तर इंडेक्सेशनसह, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून, २० टक्क्यांचा पर्याय असतो.)

मला खरी काळजी साडेसात लाखांच्या अंदाजाची वाटते, कारण त्यात काय नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. मायस्थेनियाच्या रुग्णाला भूल देण्याआधी आजार आटोक्यात आणावा लागतो. नाहीतर ऑपरेशननंतर श्वासाचे स्नायू थकू शकतात आणि रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागू शकतं. त्यासाठी कधी प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव बदलणं) करतात, कधी आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या निरोगी लोकांच्या अँटिबॉडी) देतात. आयव्हीआयजीचा एकूण डोस सहसा वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला १२० ग्रॅम. हा एकच घटक काही लाखांवर जातो आणि पॅकेजमध्ये अनेकदा नसतो. म्हणून ऑपरेशन, आयव्हीआयजी किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज, आणि आयसीयूचे जादा दिवस असे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा. एचआरकडून पॉलिसीची पूर्ण प्रत घ्या आणि खोलीभाड्याची मर्यादा बघा. ती ओलांडली तर अनेक पॉलिसींत बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. रोबोटिक सर्जरी 'आधुनिक उपचारां'त मोडते आणि तिच्यावर उपमर्यादा असू शकते. रोबोने केलं, दुर्बिणीने केलं की छातीचं हाड उघडून केलं, यापेक्षा गाठ पूर्ण निघणं महत्त्वाचं. या गाठी नेहमी काढणारा छातीचा सर्जन, सोबत न्यूरोलॉजिस्ट आणि तयारीचं आयसीयू जिथे असेल, तिथे पैसा घालवा. केवळ यंत्रासाठी जादा दोन लाख देऊ नका.

दुसऱ्या मतासाठी परळचं टाटा मेमोरियल आहेच. सगळे रिपोर्ट पाठवून 'नव्या' या सेवेमार्फत ऑनलाइन मतही घेता येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. निवडलेलं रुग्णालय आणि ही शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भरती होण्याआधीच विचारा.

पैशांचा क्रम असा ठेवा. आधी ग्रुप मेडिक्लेम, कॅशलेस. वरची रक्कम एफडीतून. मोडण्यापेक्षा तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या आणि क्लेमचं काय होतं ते कळल्यावर गरजेपुरती मोडा. रेडिएशन लागलंच तर पीपीएफमधून अंशतः काढता येतं: चार वर्षांपूर्वीच्या शिल्लकेच्या निम्म्यापर्यंत, करमुक्त. खातं बंद करू नका. ग्रुप पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीखही बघून ठेवा. पुढचे उपचार त्यानंतर पडले तर नव्या वर्षाचे ५ लाख उपलब्ध होतात. मुलीच्या ९ लाखांना हात लावायची गरज मला आज दिसत नाही.

क्रिटिकल इलनेसचे १० लाख मात्र हातात येईपर्यंत हिशोबात धरू नका. त्या पॉलिसीतली कर्करोगाची व्याख्या पेशींच्या तपासणीत 'मॅलिग्नंट' (कर्करोगाची) सिद्ध होण्यावर चालते. 'बिनाइन' (साध्या) किंवा 'बॉर्डरलाइन' (सीमेवरच्या) गाठी वगळलेल्या असतात. थायमोमाचे प्रमुख प्रकार जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मॅलिग्नंट गटात आहेत, तरी जुन्या सवयीने काही कागदांवर आवरणातल्या गाठीला 'बिनाइन' लिहिलं जातं. त्या एका शब्दावर क्लेम अडकू शकतो. म्हणून काढलेल्या गाठीच्या तपासणीच्या, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये प्रकार (ए, एबी, बी१, बी२, बी३), आवरण ओलांडलंय का, कापलेल्या कडा गाठीच्या पेशींपासून मोकळ्या आहेत का आणि स्टेज स्पष्ट लिहिलेली असावी, अशी विनंती करा. डिस्चार्ज कार्डावरचं निदानही त्याच्याशी जुळलेलं असू द्या. रिपोर्टमध्ये नसलेलं काही लिहून मागायचं नाही. असलेलं पूर्ण लिहून घ्यायचं.

हा खर्च एकदाच होऊन संपत नाही. थायमोमा खूप वर्षांनी परत येऊ शकतो, म्हणून पहिली दोन वर्षं साधारण सहा महिन्यांनी आणि नंतर दहा वर्षांपर्यंत दरवर्षी सीटी करतात. मायस्थेनियाही ऑपरेशननंतर लगेच जात नाही. सुधारणा दिसायला महिने, कधी वर्षं लागतात आणि पायरिडोस्टिग्मिन, प्रेडनिसोलोन ही औषधं चालूच राहतात. क्रिटिकल इलनेसचे पैसे मिळाले तर त्यातले ४ लाख याच कामासाठी वेगळ्या एफडीत ठेवा. काही अँटिबायोटिकांनी मायस्थेनिया एकदम बिघडतो, तेव्हा साध्या तापासाठीही डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगा. आयसीयूतला एक आठवडा वर्षभराच्या औषधांपेक्षा महाग पडतो.

ऑपरेशनपर्यंत आणि निदान पुढचं वर्षभर नोकरी बदलू नका. ग्रुप पॉलिसी हीच सध्या वहिनींचा आजार सामावणारी पॉलिसी आहे. सोडायची वेळ आलीच तर त्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज करा. जुन्या करप्रणालीत असाल तर कर्करोगासारख्या ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडीबी) ४० हजारांपर्यंत वजावट असते, पण विम्यातून मिळालेली रक्कम त्या वजावटीतूनच वजा होते, म्हणून मेडिक्लेम मिळाल्यावर तिचा फायदा बहुधा उरणार नाही. तज्ज्ञ डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. तुमच्या स्वतःच्या टर्म विम्याचा उल्लेख पत्रात नाही. घर तुमच्या पगारावर चालत असेल आणि हा विमा नसेल, तर याच महिन्यात काढा.

ऑपरेशननंतर रिपोर्टमधला प्रकार आणि स्टेज कळवा. रेडिएशन सांगितलं असेल तर पीपीएफमधून किती आणि कधी काढायचं, ते तेव्हा नेमकं ठरवू.