इंजिन बंद पडलं तर: सोलोआधी तुला

पुणे

चि. वैमानिकास,
अनेक आशीर्वाद.

तुझी सोलो, म्हणजे एकट्याने पहिलं उड्डाण, जवळ आली, म्हणून हे लिहितो आहे. आकडे सेसना १७२चे देतो. तुझ्या विमानाच्या पुस्तिकेत वेगळे असले तर तेच खरे मान.

इंजिन गेलं की पहिलं काम म्हणजे नाक खाली. १७२एसचा ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत उतरण्याचा, वेग ६८ नॉट (ताशी ६८ नॉटिकल मैल), जुन्या १७२एनचा ६५. तो धरून ट्रिम कर, म्हणजे विमान आपोआप तोच वेग धरेल असं लाव, की हात मोकळा राहतो. जमीन जवळ येताना नाक वर ओढावंसं वाटतं. त्याने विमान लांब जात नाही, उलट वेग मरतो आणि स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल तुटते.

उंचीचा हिशेब नीट कर. बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. तिथे अल्टिमीटर ४,५०० दाखवतो तेव्हा खाली जेमतेम अडीच हजार फूट असतात. वारा नसेल तर हजार फुटांत साधारण दीड नॉटिकल मैल मिळतात, म्हणजे एकूण सातेक किलोमीटर आणि तीन-साडेतीन मिनिटं. तरी शेत निम्म्या अंतरातलंच निवड, कारण वळणं उंची खातात.

शेत निवडणं हीच खरी परीक्षा. उभ्या उसात चाकं अडकून विमान उलटू शकतं. नुकतं पाणी दिलेल्या काळ्या रानात नाकाचं चाक रुततं. द्राक्षबागेच्या मांडवात ताराच तारा असतात. काढणी झालेलं ज्वारी-बाजरीचं कोरडं रान सगळ्यात बरं, तेही सरींच्या दिशेने उतरून. बांध आणि शेततळं वरून कळतं, विहीर उशिरा दिसते. विजेच्या तारा तर दिसतच नाहीत, म्हणून खांब शोध. विहीर असली की मोटर असते, मोटर असली की डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) खांबांची रांग आलेली असते.

वारा धुरावरून ओळख. गाळपाच्या दिवसांत कारखान्याची धुराडी असतात, तोडणीनंतर पेटवलेलं पाचट असतं. ६० नॉटने उतरताना १० नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग ५०, पाठीमागून असेल तर ७०. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

शेत ठरलं की मग इंजिनाकडे वळ. फ्युएल सिलेक्टर बोथ (दोन्ही टाक्या), मिक्श्चर (हवेतलं इंधनाचं प्रमाण) रिच, मॅग्नेटो (ठिणगी देणारे) बोथ. इंजेक्शनचं इंजिन असेल तर पंप चालू. कार्ब्युरेटर असेल तर कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, लगेच ओढ, कारण ती गरमी एक्झॉस्टची असते आणि तो निवत जातो. दमट हवेत बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. प्रोपेलर फिरत असेल तर स्टार्टर लागत नाही. इंजिन लागलं नाही तर त्याचा नाद सोड. चालू फ्रिक्वेन्सीवर मेडे (संकटाची हाक) दे, उत्तर नसेल तर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर, आणि रडारला ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर आणीबाणीचा ७७०० लाव.

शेत नक्की हातात आल्यावरच पूर्ण फ्लॅप (पंखांमागचे खाली वळणारे पडदे). मिक्श्चर बंद, सिलेक्टर बंद, मॅग्नेटो बंद. मास्टर (विजेचा मुख्य स्विच) सगळ्यात शेवटी, कारण १७२चे फ्लॅप विजेवर चालतात. दारं उघडी ठेव, नाहीतर सांगाडा पिचकला की ती अडकतात.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर धावपट्टीकडे वळू नकोस. समोर, दोन्हीकडे तीसेक अंशांत जे मिळेल तिथे उतर. ४५ अंशांच्या समतल वळणात स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी चढतो आणि तेव्हा तुझ्याकडे उंची नसते. एप्रिल-मेमध्ये ३८ अंशांना आपल्याकडची डेन्सिटी अल्टिट्यूड पाच हजार फुटांच्या वर जाते, म्हणजे हवा तेवढ्या उंचीवरच्यासारखी विरळ होते. चढ मंदावतो आणि काट्यावरच्या त्याच (इंडिकेटेड) वेगाला जमिनीवरचा वेग जास्त असतो. समोरच उतरायचा हा निर्णय टेकऑफचा थ्रॉटल देण्याआधी मोठ्याने बोलून घे.

विमान वाचवायच्या फंदात पडू नकोस. ताशी ८० किलोमीटरवरून ९ जीने (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट झटक्याने) थांबायला तीन मीटरही लागत नाहीत. १६० वरून अकरांहून जास्त लागतात. म्हणून ताब्यात ठेवून, कमी वेगाने टेकवलेलं विमान मोडलं तरी माणसं वाचू शकतात. पंख झाडांना लागून गेले तरी चालतील.

इंजिन बंद पडण्यामागे पुष्कळदा इंधनच असतं. टाक्या स्वतः दांडीने मोज, प्रत्येक ड्रेनमधून पाणी बघ. हडपसरला ग्लायडिंगची संधी मिळाली तर सोडू नकोस. तिथे प्रत्येक उतरणं बिनइंजिनाचंच. पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) इन्स्ट्रक्टरकडून थ्रॉटल मागे घेऊन सराव माग. दर ५०० फुटांना थोडा थ्रॉटल देऊन इंजिन गरम ठेवा, आणि जमिनीपासून ५०० फुटांवर सराव थांबवून वर चढा.