आई ७६ वर्षांची, दादरला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. फिरणं सुटलंय. तब्येत कशी टिकवायची?

फिरण्याचं नंतर. आधी बाथरूम बघा. फिजिओथेरपीसाठी मी ज्या घरांत जाते, तिथे खुब्याचं हाड बहुतेकदा बाथरूममध्ये, नाहीतर रात्री पलंगावरून तिकडे जाताना मोडलेलं असतं.

कमोडवरून उठताना हात आपसूक टॉवेल रॉडकडे जातो. तो दोन बारीक स्क्रूंवर असतो, अंगाचा भार आला की उखडून हातात येतो. व्हॅक्यूमने चिकटणारं हँडल त्याहून वाईट. टाइलच्या सांध्यातून हवा शिरते आणि नेमकं ओढताना ते सुटतं. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा दांडा घ्या, ३२ ते ३८ मिमी जाडीचा, आणि जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर लावा. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर टाइल तडकते. तुमच्या जुन्या इमारतीत आधी भिंत ठोकून बघा. प्लास्टर पोकळ वाजलं तर खिळा-प्लगवर भागणार नाही, आरपार बोल्ट टाकून मागे लोखंडी पट्टी द्यावी लागेल. नव्या टॉवरमध्ये सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या, भिंतीचीही हीच गत. काम झालं की मिस्त्रीलाच त्या दांड्याला पूर्ण भार देऊन ओढायला सांगा. तो कचरला, तर पैसे देऊ नका.

दार आत उघडतं का? आत पडलेलं माणूस दारालाच अडकतं आणि बाहेरच्यांना ढकलता येत नाही. बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडणारं करा, आतली कडी काढा. पाटावर बसून आंघोळ बंद. रबरी पायांचं १७-१८ इंच उंचीचं स्टूल आणा.

‘घर हॉस्पिटलसारखं दिसेल’ हे मी मुलांकडून, सुनांकडून आणि इंटिरियरवाल्यांकडून ऐकत आले आहे. पाहुण्यांना काय दिसेल याची काळजी करणाऱ्यांनी आईची बाथरूम सजवूच नये.

आता पाय. हात छातीवर बांधून खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा. तिच्या वयाच्या बाईला १० पेक्षा कमी जमत असेल, तर मांड्या कमजोर आहेत. हाच व्यायाम रोज सकाळ-संध्याकाळ, खुर्ची भिंतीला टेकवून, सुरुवातीला हातांचा आधार घेऊन. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, कठडा सोडायचा नाही. पावसाळ्यात खाली नेण्याचा हट्ट नको, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक फार निसरडे होतात. गॅलरीत फेऱ्या घातल्या तरी चालतं.

हा व्यायाम, जिना आणि फेऱ्या तिला उभं राहताना चक्कर येत नसेल तरच. येत असेल तर आधी झोपून आणि मग उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत बीपी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तिच्या बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या दाखवायला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.