टाके भरले, पण ओलावा थांबेना

वाचक लिहितात:

ताई, मी ४३ वर्षांची, अंगणवाडी सेविका. कराडजवळच्या गावात राहते. पिशवीत गाठी होत्या, पाळी पंधरा-पंधरा दिवस चालायची, रक्त आठवर आलं होतं. आधीची दोन सिझर आहेत. तीन आठवड्यांपूर्वी पोटावर टाका घेऊन पिशवी काढली. टाके भरले. पण रात्री एकदम अंगातून वाफा निघतात, गाऊन भिजतो. संध्याकाळी पोट टम्म होतं, टाक्याखाली हात लावला तर बधिर लागतं. कारण नसताना रडू येतं. सासूबाई म्हणतात, "सुटलीस की, आता रडायला काय झालं?" दवाखान्यात फोन केला तर "होतं असं, सहा आठवड्यांनी दाखवायला या" म्हणाले. कामावर कधी जाता येईल? आणि एक लिहायची लाज वाटते. दहा-बारा दिवसांनंतर अंगावरून पाण्यासारखं जायला लागलंय. रात्रंदिवस. झोपेतही कपडा ओला होतो. म्हणून पाणी कमी प्यायला लागलेय. घरात कुणाला बोललेले नाही.

प्रिय ताई,

लाजत लाजत शेवटी लिहिलंत, त्याचं उत्तर सगळ्यात आधी देते. बाकीचं पत्र दोन दिवसांनी वाचलंत तरी चालेल, पण एवढा भाग वाचून उद्या सकाळी दवाखाना गाठा. सहा आठवडे थांबू नका.

पिशवी काढल्यावर अंगावरून थोडं पाणी, गुलाबी किंवा तपकिरी स्राव जाणं नेहमीचं आहे. चार ते सहा आठवडे तो जातो आणि रोज कमी होत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतले टाके विरघळतात तेव्हा थोडं लालही दिसतं. तुमचं मात्र कमी होत नाहीये. मधेच सुरू झालंय, पाण्यासारखं पातळ आहे आणि झोपेतही थांबत नाही. त्यामुळे ती लघवी नाही ना, हे तपासून घ्यायलाच हवं.

लघवीची पिशवी गर्भाशयाला अगदी पुढून चिकटून असते. गर्भाशय काढताना तिला हळूहळू सोडवून खाली सरकवावं लागतं. आधीची सिझर असतील तर तिथे व्रणाचं चिकटलेलं मांस असतं आणि काम अवघड होतं. कधी तिथला एखादा भाग टाक्यात दाबला जातो, कधी त्याला यंत्राची धग लागते. त्या दिवशी काहीच कळत नाही. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत तेवढा भाग मरतो, बारीक भोक पडतं आणि लघवी योनीतून झिरपू लागते. याला फिस्टुला म्हणतात. किडनीकडून येणाऱ्या नळीला इजा झाली तरी असंच गळतं. तेव्हा एका बाजूने नेहमीसारखी लघवीही होत राहते, त्यामुळे बाईला वाटतं की हे काहीतरी वेगळंच पाणी आहे. हे क्वचित घडतं, आणि अनुभवी हातांकडूनही घडतं.

मी तुम्हाला तपासलेलं नाही. कदाचित हा साधा स्रावच असेल, जंतुसंसर्ग असेल, किंवा लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नसल्यामुळे थेंब थेंब गळत असेल. पण ते ठरवायचं कसं, हे सांगते, म्हणजे तिथे गेल्यावर तुम्हाला पुन्हा "होतं असं" ऐकून परत यावं लागणार नाही. नळीतून लघवीच्या पिशवीत निळ्या रंगाचं पाणी भरतात आणि योनीत कापसाचे बोळे ठेवतात. बोळा निळा झाला तर भोक लघवीच्या पिशवीला आहे. बोळा भिजला पण निळा झाला नाही, तर वरच्या नळीचा संशय घेऊन सीटी स्कॅन करतात. गळणारं पाणी गोळा करून त्यातलं क्रिएटिनिन (लघवीत भरपूर असणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ) मोजलं तरी ती लघवी आहे की नाही हे समजतं.

डॉक्टरांना "अंगावरून जातंय" एवढंच सांगू नका. त्या दोन शब्दांत बायकांचे पन्नास आजार लपून राहतात. असं म्हणा: "ऑपरेशननंतर दहाव्या-बाराव्या दिवसापासून योनीतून सतत पाणी गळतंय, झोपेतसुद्धा. ती लघवी आहे का, ते तपासा." हवं तर कागदावर लिहून कागदच पुढे करा. फोनवर विचारू नका, समोर जाऊन बसा. शस्त्रक्रिया केली त्याच डॉक्टरांकडे आधी जावं, कारण आत काय काय केलं ते त्यांना माहीत आहे. त्यांनी टाळलं, तर जिथे मूत्ररोगतज्ज्ञ आहेत अशा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सगळे कागद घेऊन जा. ताप, हुडहुडी, कुशीत दुखणं किंवा लघवी एकदम कमी होणं यातलं काही असेल, तर सकाळचीही वाट पाहू नका.

समजा फिस्टुला निघाला. तरी त्यावर उपाय आहे. भोक लहान असेल आणि लवकर लक्षात आलं तर काही आठवडे लघवीची नळी ठेवून ते आपोआप बुजू शकतं. नाही बुजलं तर शस्त्रक्रियेने दुरुस्त करतात, आणि बहुतेक बायका त्यातून पूर्ण कोरड्या होतात. दुरुस्तीआधी सूज उतरावी म्हणून कधी दोन-तीन महिने थांबावं लागतं. माझा जीव तुटतो तो त्या बायकांसाठी, ज्या वर्षानुवर्षं घड्या बदलत, लग्नकार्यं टाळत, एसटीत कडेला बसत हे सोसतात आणि कुणाला कळू देत नाहीत. तुम्ही तीन आठवड्यांत लिहिलंत. फार चांगलं केलंत.

पाणी कमी करू नका. लघवी घट्ट झाली की जास्त जळजळते, कातडी सोलवटते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी पोटात जाऊ द्या. पॅड वेळच्या वेळी बदला, कोमट पाण्याने धुऊन कोरडं करा आणि बाहेरच्या कातडीला पेट्रोलियम जेली लावा. योनीच्या आत मात्र काहीही घालायचं नाही: पावडर नाही, धुण्याचं औषध नाही.

आता वाफा. याचं उत्तर तुमच्या डिस्चार्ज कार्डावर आहे. ते काढून बघा. शस्त्रक्रियेच्या नावापुढे 'बीएसओ' ही अक्षरं किंवा दोन्ही अंडाशयं काढल्याचा उल्लेख आहे का? समजत नसेल तर डॉक्टरांना थेट विचारा: "माझी अंडाशयं ठेवलीत की काढलीत?" कुठल्याही बाईला हे तोंडपाठ असायला हवं असं मला वाटतं, आणि आपल्याकडे बहुतेकींना कुणी सांगितलेलंच नसतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली, तेव्हा पिशवी खरंच काढायला हवी होती का, यावर भरपूर बोललं गेलं. बाईला नेमकं काय काढलं ते समजावून सांगितलं का, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. तुमच्या शस्त्रक्रियेबद्दल मनात शंका भरवायला हे लिहीत नाही. गाठी होत्या, रक्त आठवर आलं होतं, कारण दिसतंय. पण शरीर तुमचं आहे, त्याचा हिशेब तुमच्याकडे हवा.

अंडाशयं काढली असतील तर पाळी जाण्याचा जो काळ एरवी काही वर्षं चालतो, तो तुमच्यावर एका दिवसात आला. उतरत्या वाटेने चालत खाली येण्याऐवजी कठड्यावरून उडी मारावी लागावी, तसं. मग वाफा, घाम, तुटक झोप, चिडचिड, धडधड ही सगळी एकदम येतात. पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं गेली तर हाडं आणि हृदय जपायला साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन द्यावं का, याचा डॉक्टर विचार करतात. स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असलेल्या बाईला ते सहसा देत नाहीत, म्हणून मेडिकलमधून स्वतःहून काही आणू नका. विषय मात्र तुम्ही स्वतः काढा, कारण कुणी आपणहून काढेलच असं नाही.

अंडाशयं ठेवली असतील तर पाळी येणार नाही, पण त्यांचं काम चालू असतं. पिशवी काढताना त्यांचा रक्तपुरवठा थोडा विस्कळीत होतो म्हणून काही आठवडे वाफा येऊ शकतात, मग बसतात. तोवर सुती कपडे, रात्रीचं जेवण कमी तिखट, संध्याकाळनंतर चहा बंद. आणि घरात थर्मामीटर ठेवा. घामासोबत थंडी वाजत असेल, ताप १००.४ च्या वर जात असेल, तर तो घाम वेगळा. तो जंतुसंसर्गाचा असू शकतो.

संध्याकाळी पोट फुगणं, टाक्याखाली बधिरपणा, मधेच मुंग्या: हे काळजीचं नाही. कातडीतल्या बारीक नसा कापल्या गेल्या आहेत, त्या जुळायला महिने लागतात, थोडी जागा कायमची बधिरही राहते. पोट साफ होत नसेल तर तेही फुगतं. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट आणि काळं होतं, घाबरू नका. इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्या. गोळी चहासोबत नको, लिंबू किंवा आवळ्यासोबत चांगली. भात खाल्ला की टाके पिकतात, असं घरात कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. डाळ, अंडी, मटकी, पालेभाजी सगळं खा. रक्त आठवर असताना मोठी शस्त्रक्रिया झालेली बाई जिना चढून दमते, यात तुमचा आळस नाही.

ज्यासाठी ताबडतोब जायचं तेही सांगून ठेवते: तासाभरात पॅड भिजवणारं रक्त, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, एकदम धाप लागणं किंवा छातीत कळ, आणि टाक्यातून पू. योनीतून एकदम भसकन पाणी येऊन काही खाली उतरल्यासारखं वाटलं तर आडवं पडून राहा आणि गाडी मागवा.

रडू येण्याबद्दल. सासूबाईंनी "सुटलीस" म्हटलं ते त्यांच्या परीने बरोबर असेल. त्या रक्तस्रावातून तुम्ही सुटलात हे खरंच आहे. पण सुटका झाली म्हणून दुःख होत नाही, असं कुठे आहे? ज्या पिशवीत दोन मुलं वाढली ती काढून टाकली. त्यात झोप नाही, रक्त कमी, कदाचित हार्मोन एकदम खाली आलेले, आणि त्यावर गळतीची भीती एकटीने पोटात ठेवलेली. या सगळ्याला कारण नाही, असं मी तरी म्हणणार नाही. गळतीचा सोक्षमोक्ष लागला की बराच भार उतरेल. तरीही दोन आठवडे रोज असंच वाटत राहिलं, कशात मन लागेना, किंवा जिवाचं काही करून घ्यावं असे विचार आले, तर १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

नवऱ्याला आज रात्री सांगा. सगळं जमत नसेल तर या उत्तराचा वरचा भाग त्यांच्या हातात द्या. उद्या सोबत कुणीतरी हवं, आणि संबंध कधी ठेवायचे हेही डॉक्टरांकडून दोघांनी मिळूनच ऐकावं. निदान सहा ते आठ आठवडे नाही, आणि आतला टाका भरल्याचं डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय नाही. पिशवी गेल्याने बाईपण जात नाही, सुखही जात नाही. कोरडेपणा वाटला तर त्याला औषध आहे.

जाताना डिस्चार्ज कार्ड न्या आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्टही मागून घ्या. तीन आठवड्यांत तो आलेला असतो, पण मागितल्याशिवाय कपाटातच पडून राहतो. गाठी साध्याच होत्या, हे त्या कागदावरूनच पक्कं होतं. पिशवीचं तोंड काढलं का, तेही विचारा. ठेवलं असेल तर त्याची कर्करोगाची तपासणी पुढेही करत राहावी लागेल.

आणि अंगणवाडी. सगळं ठीक असेल तरी सहा आठवड्यांच्या आत नाही. त्यानंतरही लगेच पोषण आहाराची पोती उचलायची नाहीत, मुलांना कडेवर घ्यायचं नाही. घरी हंडा आणि सिलेंडरला हात लावायचा नाही. गळती निघाली तर रजा लांबेल, म्हणून उद्याच डॉक्टरांकडून तसा दाखला लिहून घ्या आणि त्याची झेरॉक्स पर्यवेक्षिकाबाईंकडे पोहोचवा.

तुमची ताई