सांध्याची टंग रेल का तुटते?

प्रश्न : मनमाडच्या रेल्वे कारखान्यात पुलांचे गर्डर बनतात, हे माहीत आहे. तिथे रुळांचंही काम होतं का? सांध्यातली, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते तिथली, सरकणारी टंग रेल वरचेवर का बदलावी लागते?

उत्तर : होतं. जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) काळापासूनच्या या कारखान्यात गर्डरांबरोबर सांधेही तयार होतात. मीटरला 60 किलो वजनाच्या रुळाच्या 1:12 (12 मीटरमागे 1 मीटर फाकणाऱ्या) सांध्याची वक्र टंग रेल 10.125 मीटर लांब असते. रूळ सरळ करून प्लेनिंग मशीनवर (पोलाद तासण्याच्या यंत्रावर) तासतात. टोकाकडे तो पार निमुळता होतो आणि खरी मेख तिथेच आहे, कारण हे पातळ टोक शेजारच्या स्टॉक रेलच्या, म्हणजे पक्क्या बसवलेल्या रुळाच्या, आधारावरच तग धरतं.

आधार सुटला की टोकाचे टवके उडतात. टोकापासून 1000 मिमीच्या आत 10 मिमीपेक्षा खोल टवक्यांची एकूण लांबी 200 मिमी झाली, की टंग रेल बाद.

आधार सुटतो तो बहुधा स्टॉक रेलमुळे. चाकांच्या दाबाने तिच्या माथ्याचं पोलाद बाजूला पसरतं, कडेला ओठ फुटतो आणि टंग रेल नीट टेकत नाही. हा ओठ वेळीच ग्राइंडरने काढायला हवा. झिजलेल्या स्टॉक रेलला नवी टंग रेल जोडणं ही तर चुकीची काटकसर! नवी टंग रेल वर उठून राहते, चाकांचा मार खाते. जोडी एकदमच बदलावी. टंग रेल ज्यावर सरकते त्या स्लाइड चेअरवरची घाण आणि स्लीपरखालची ढिली खडी यांचाही दोष असतो. टोकाखालचा स्लीपर पोकळ असला तर प्रत्येक गाडीला रूळ आपटतो.

सिग्नलवाल्यांची कसोटी सोपी आहे. टोकापासून 150 मिमीवर 5 मिमीचा तुकडा टंग रेल आणि स्टॉक रेलच्या मध्ये धरून सांधा फिरवायचा. लॉक लागता कामा नये. लागलं, तर ॲडजस्टमेंट चुकली आहे.

प्रश्न : क्रॉसिंगचं, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथलं, झिजलेलं नाक साध्या वेल्डिंगने का भरत नाहीत?

उत्तर : ते मँगनीज पोलादाचं ओतीव काम आहे. चाकांच्या माराने ते वरून कडक होत जातं, पण फार तापलं तर ठिसूळ होतं. म्हणून वेगळे इलेक्ट्रोड वापरून, थोडं थोडं भरत, मध्ये गार होऊ देत काम करतात. झिजेची मर्यादा 10 मिमी. राजधानी एक्स्प्रेसच्या मार्गांवर 8 मिमीलाच भरणी हाती घ्यावी.